काटकसरीचे राज्य : ईपॉक व सिंबियन यांचा इतिहास

राज्ये कशी उदयास येतात व कशी लयास जातात याचा विचार करण्याची आपणांस सवय आहे. परंतु यंत्रांच्या पोटात बसून त्यांचा कारभार पाहणाऱ्या ज्या प्रणाली असतात, त्यांनाही उदय, भरभराट व ऱ्हास असतो, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. यंत्र डोळ्यांस दिसते. कारभारी दिसत नाही. कोणत्या कामास केव्हा वेळ द्यावयाचा, स्मृतीतील किती जागा कोणाच्या वाट्यास घालावयाची, कोणाची मागणी मान्य करावयाची व कोणाची परत पाठवावयाची, हे सर्व जो ठरवितो त्या कारभाऱ्यास ऑपरेटिंग सिस्टीम असे नाव आहे. येथे आपण तिला नुसते प्रणाली म्हणू. मुठीत मावणाऱ्या यंत्रांसाठी घडविलेल्या अशाच एका प्रणालीचा इतिहास प्रस्तुत लेखात सांगावयाचा आहे. ती लंडनमध्ये जन्मली, प्रथम ईपॉक व नंतर सिंबियन या नावांनी वावरली, एके काळी जगातील स्मार्टफोनांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांवर तिची सत्ता होती, आणि त्या ऐश्वर्यास दहा वर्षे पुरी व्हावयाच्या आतच ती बाजारातून नाहीशी झाली. तिच्या पतनाची कारणे पुष्कळांनी पुष्कळ सांगितली आहेत. माझ्या मते त्या सर्वांच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. प्रत्येक प्रणाली म्हणजे आपल्या जन्मकाळच्या टंचाईला दिलेले उत्तर होय. टंचाईचे स्वरूप पालटले म्हणजे ते उत्तर कितीही बिनचूक असले तरी त्याचा भार वाटू लागतो.

कथेचा आरंभ १९८० साली होतो. डेव्हिड पॉटर हे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले गृहस्थ केंब्रिज येथे शिकून पुढे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात अध्यापन करीत होते. अध्यापन सोडून त्यांनी सायॉन नावाची कंपनी काढली. ‘पॉटर सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट्स’ या शब्दांच्या आद्याक्षरांपुढे ‘ऑन’ जोडून हे नाव सिद्ध झाले. कंपनीचा पहिला व्यवसाय यंत्रे करण्याचा नव्हता. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या स्वस्त घरगुती संगणकांसाठी खेळ व उपयुक्त प्रोग्रॅम पुरविण्याचा होता. त्यांपैकी झेडएक्स ८१ या संगणकाची मूळची स्मृती अवघी एक किलोबाइट असे. या लेखाचा पहिला परिच्छेदसुद्धा तीत मावला नसता. अशा यंत्रांवर ज्यांचा हात बसला, त्यांना जागेची किंमत निराळी शिकवावी लागत नाही. सायॉनच्या पुढील सर्व कामावर या पहिल्या शाळेचा ठसा कायमचा उमटलेला दिसतो.

१९८४ साली सायॉनने स्वतःचे यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव ऑर्गनायझर. सोळा अक्षरांची एकच ओळ दाखविणारा पडदा आणि दोन किलोबाइट स्मृती, एवढाच त्याचा संसार. नोंदी टिकवून ठेवण्यासाठी डेटापॅक नावाच्या लहान डब्या त्यात बसवीत. त्यांतील चिपेवर एकदा लिहिलेले पुसावयाचे तर सबंध डबी अतिनील किरणांखाली धरावी लागे. सबब एखादी नोंद रद्द केली तरी ती खरोखर पुसली जात नसे. तिच्यावर रद्द झाल्याची खूण होई आणि तेवढी जागा अडून राही. जुन्या हिशेबनिसाने शाईची ओळ खोडावी पण वहीचे पान फाडू नये, तसाच हा प्रकार होता. १९८६ साली त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती निघाली. तिच्याबरोबर ओपीएल नावाची सोपी प्रोग्रॅम-भाषाही मिळे, त्यामुळे दुकानदार व कारखानदार यांनी आपापल्या कामापुरते प्रोग्रॅम लिहून घेतले आणि हे यंत्र गोदामांतून व दुकानांतून फिरू लागले.

यापुढील पाऊल खरोखरी मोठे होते. १९८९ साली सायॉनने एमसी नावाचे मांडीवर ठेवावयाचे संगणक काढले. ते फारसे खपले नाहीत. परंतु त्यांच्यासाठी लिहिलेली सोळा-बिटी प्रणाली वाया गेली नाही. हीच ईपॉक. १९९१ साली निघालेल्या सीरीज थ्री या खिशातील संगणकात ती बसविली गेली आणि तेथे तिचे भाग्य उजळले. चष्म्याच्या घरासारखे उघडणारे हे यंत्र दोन साध्या पेन्सिल-सेलांवर कित्येक आठवडे चाले. दिनदर्शिका, पत्त्यांची वही, लेखन, गणिते ही सर्व कामे एकाच वेळी उघडी ठेवून एकावरून दुसरीवर जाता येई. त्या काळच्या टेबलावरील बहुतेक संगणकांना हे नीटसे साधत नव्हते, आणि सीरीज थ्रीच्या पहिल्या नमुन्यांत स्मृती होती १२८ किंवा २५६ किलोबाइट!

खिशातील यंत्राचा धर्म टेबलावरील यंत्राहून निराळा असतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. टेबलावरचा संगणक बिघडला तर माणूस तो बंद करून पुन्हा चालू करतो व कपाळाला आठी घालून कामास लागतो. खिशातील यंत्र बंद असे होतच नाही. ते नुसते झोपते. त्यातील कागदपत्रे त्या स्मृतीतच राहतात. चालू स्मृती गेली की माणसाची वही गेली. अर्थात् एखाद्या प्रोग्रॅमने घेतलेली जागा परत करण्यास विसरणे, हा टेबलावर क्षम्य असणारा दोष खिशात अक्षम्य ठरतो. महिनोन्महिने न थांबता चालणाऱ्या यंत्रात रोज शंभर बाइट गळले, तरी एके दिवशी भांडे रिकामे होणारच. या जाणिवेतून ईपॉकचे सर्व शिस्तशास्त्र जन्मास आले.

ते शास्त्र पूर्णत्वास गेले ईपॉक ३२ या नव्या प्रणालीत. कॉली मायर्स यांच्या पुढाकाराने सी प्लस प्लस भाषेत ती अगदी पायापासून पुन्हा लिहिली गेली व १९९७ साली सीरीज फाइव्ह या यंत्रातून लोकांपुढे आली. १८ मेगाहर्ट्झ गतीचा आर्म जातीचा प्रोसेसर, चार किंवा आठ मेगाबाइट स्मृती, स्पर्शाने चालणारा पडदा, झाकण उघडताच पुढे सरकणारा कळफलक, आणि हे सर्व पुन्हा दोन पेन्सिल-सेलांवर. प्रणालीचा गाभा शक्य तितका लहान ठेवलेला होता. फाइली सांभाळणे, पडद्यावर चित्र उमटविणे वगैरे कामे निरनिराळ्या सेवक-प्रोग्रॅमांकडे वाटून दिलेली होती, व ज्यास जे हवे त्याने ते त्या त्या सेवकाकडे मागावे अशी रीत होती. एकाने चूक केली तरी सबंध घर कोसळू नये, हा त्यातील हेतू.

शिस्तीचे दोन-तीन मासले दिल्यास तिचे स्वरूप स्पष्ट होईल. काम अर्धे झाले असता स्मृती संपली तर तोपर्यंत घेतलेली जागा परत कोणी करावयाची? भाषांतर करणाऱ्या त्या वेळच्या कंपायलरांवर या बाबतीत भिस्त ठेवण्याजोगी नव्हती. म्हणून ईपॉकच्या कर्त्यांनी स्वतःचीच पद्धत काढली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने उसनी घेतलेली प्रत्येक वस्तू एका यादीत टिपून ठेवावी. मध्येच संकट आले तर प्रणाली ती यादी उलट क्रमाने वाचून सर्व उसनवारी फेडील. ज्या ज्या कार्यात असे संकट येण्याचा संभव, त्याच्या नावाच्या शेवटी ‘एल’ हे अक्षर लावावयाचे, म्हणजे वाचणारा सावध होईल. तीच गोष्ट मजकुराची. अक्षरांची कोणतीही ओळ आपली लांबी आपल्याबरोबर घेऊनच फिरे, सबब ती आपल्या जागेबाहेर सांडत नसे. आणि वाट पाहण्याचेही शास्त्र होते. कळ दाबली जाण्याची, घड्याळाचा गजर होण्याची, तारेवरून निरोप येण्याची वाट पाहणारी सर्व कामे एकाच दाराशी रांगेत बसत. दार वाजेपर्यंत प्रोसेसर झोपलेला असे. झोपलेला प्रोसेसर सेल खात नाही. दोन सेलांवर यंत्र आठवडे का चाले, याचे बरेचसे रहस्य येथे आहे.

या सर्वांची किंमत प्रोग्रॅम लिहिणारा मोजीत होता. इतर ठिकाणी एका ओळीत होणाऱ्या कामास येथे पाच ओळी लागत, आणि त्या पाच ओळी लिहिण्यापूर्वी नियमांचे एक लहानसे व्याकरण आत्मसात करावे लागे. परंतु १९९७ साली हा सौदा फायद्याचाच होता. स्मृती महाग होती, सेल दुबळे होते, आणि प्रोग्रॅम लिहिणारे बहुतेक त्याच इमारतीत बसत. टंचाई स्मृतीची व विजेची होती. मनुष्याच्या वेळेची नव्हती.

याच सुमारास मोबाइल टेलिफोन करणाऱ्या मोठ्या कंपन्या निराळ्याच चिंतेत होत्या. टेबलावरील संगणकांच्या धंद्यात काय झाले ते त्यांनी पाहिले होते. यंत्रे अनेकांनी केली, परंतु नफा व सत्ता मायक्रोसॉफ्टकडे गेली, आणि १९९६ साली त्याच कंपनीची विंडोज सीई ही प्रणाली हातातील यंत्रांतही शिरू लागली होती. टेलिफोनाचा उद्या संगणक होणार असेल तर त्याचा कारभारी परका असू नये, असे त्यांस वाटले. त्यातून जून १९९८ मध्ये सायॉन, नोकिया व एरिक्सन यांनी मिळून सिंबियन ही कंपनी स्थापन केली. त्याच वर्षी मोटोरोलाही भागीदार झाली. ईपॉक हे सायॉनने दिलेले भांडवल. सहजीवनाचा अर्थ दाखविणाऱ्या इंग्रजी शब्दाची आठवण करून देणारे नाव या भागीदारीस शोभणारे होते, व कॉली मायर्स हेच तिचे पहिले प्रमुख झाले.

२००० साली एरिक्सनचा आर ३८०, २००१ साली नोकियाचा ९२१० कम्युनिकेटर, २००२ साली कॅमेऱ्यासह आलेला ७६५० असा क्रम लागला. या प्रवासात प्रणालीने आपली काटकसर सर्वत्र आंधळेपणाने चालविली असे मात्र नाही. फोन सर्व जगात जावयाचे, तेव्हा सर्व लिप्यांस जागा हवी, म्हणून तिने युनिकोड स्वीकारले व प्रत्येक अक्षरास पूर्वीच्या दुप्पट जागा देऊ केली. देवनागरी अक्षराला तिच्या पोटात रोमन अक्षराइतकाच मान मिळाला. जोडाक्षरे पडद्यावर नीट उमटविणे हा निराळा उद्योग होता, तरी मूळ अन्याय दूर झाला. जेथे गरज स्पष्ट दिसली तेथे जुना नियम सोडण्याची शक्ती या घराण्यात होती, एवढे यावरून म्हणता येईल.

परंतु सहजीवनात एक पेच पहिल्यापासूनच होता. भागीदार हे बाजारात एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. गाभा समाईक असावा, पण ग्राहकास दिसणारे रूप ज्याचे त्याचे असावे, अशी तडजोड त्यांनी केली. परिणामी नोकियाचे सीरीज ६० व सीरीज ८०, सोनी एरिक्सन प्रभृतींचे यूआयक्यू, जपानात डोकोमोच्या फोनांवरील एमओएपी, अशी एकाच अंगावर निरनिराळी वस्त्रे चढली. एका वस्त्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नसे. एकत्र कुटुंबात कोठार एक व चुली चार अशी स्थिती झाली म्हणजे बाहेरच्या पाहुण्याने जेवावयास कोठे बसावे हे त्यास कळेनासे होते. बाहेरच्या प्रोग्रॅमरांचे नेमके तेच झाले. पुढे कुटुंबही फुटू लागले. २००३ साली मोटोरोलाने आपला भाग विकला, २००४ साली सायॉनने विकला, आणि नोकियाचा हिस्सा जवळजवळ निम्म्यावर, ४७.९ टक्क्यांवर गेला. प्रणालीची जन्मदात्री अशा रीतीने तिच्या संसारातून उठून गेली. सायॉनने ग्राहकांसाठी नवे खिसासंगणक काढणे २००१ सालीच थांबविले होते. आणि २००३ साली तिने नेटबुक प्रो हे यंत्र काढले तेव्हा त्यात ईपॉक नव्हती, विंडोज सीई होती!

तथापि बाहेरून पाहणारास हा वैभवाचाच काळ दिसत होता. २००६ साली दहा कोटींवा सिंबियन फोन विकला गेला. आपल्याकडेही नोकियाचा ६६०० व त्याचे भाऊबंद ज्यांच्या हाती होते त्यांस त्याचा अभिमान वाटे. आतील कारागिरीही थांबली नव्हती. गाभ्याची नवी आवृत्ती इतकी तत्पर झाली की, फोनाचे रेडिओचे काम व मालकाचे प्रोग्रॅम ही दोन्ही एकाच प्रोसेसरवर चालविता येऊ लागली. त्यामुळे दुसऱ्या प्रोसेसरचा खर्च वाचून फोन स्वस्त करता येई. काटकसरीचा याहून सुरेख विजय दाखविणे कठीण.

परंतु याच सुमारास काटकसरीच्या जोडीला कडकपणाही आला. २००४ साली कॅबिर नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम ब्लूटूथवरून एका फोनातून दुसऱ्यात पसरू लागला. त्या काळी अशा उपद्रवांची वाढती भीती होती, आणि २००५ सालच्या नवव्या आवृत्तीत कोणत्या प्रोग्रॅमास काय करण्याची मुभा आहे याचे परवाने ठरविण्यात आले. तत्त्व योग्य होते. आजचे सर्व फोन या ना त्या रूपाने तेच पाळतात. पण या बदलामुळे जुने तयार प्रोग्रॅम नव्या फोनांवर चालेनासे झाले, आणि अनेक मुभांसाठी प्रोग्रॅमवर शिक्कामोर्तब करून घेण्याचा खटाटोप व खर्च लिहिणाऱ्याच्या माथी बसला. गंमत अशी की, याच आवृत्तीत सी प्लस प्लस भाषेची मूळची संकट-निवारण पद्धतही उपलब्ध झाली होती. ज्या उणिवेमुळे उसनवारीची यादी व ‘एल’चे शेपूट जन्मास आले, ती उणीव दूर झाली, यादी व शेपूट मात्र राहिले. कोट्यवधी फोनांतील प्रोग्रॅम त्याच रीतीने लिहिलेले असल्यामुळे ती टाकणे कोणासच शक्य नव्हते.

२००७ साली ॲपलचा आयफोन आला. त्याची स्मृती १२८ मेगाबाइट, म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या सीरीज फाइव्हच्या मोठ्या नमुन्याच्या सोळा पट. गती ४१२ मेगाहर्ट्झ, म्हणजे वीस पटींहून अधिक. त्यातील प्रणाली मुठीसाठी जन्मलेली नव्हती. टेबलावरील मॅक संगणकाची प्रणालीच आवरून-सावरून मुठीत उतरविली होती. पाठोपाठ २००८ साली आलेली अँड्रॉइड ही लिनक्सच्या, म्हणजे मोठ्या यंत्रांच्याच, गाभ्यावर उभी होती. दोन्ही उधळ्या. त्यांचे फोन बहुधा रोज रात्री वीज मागत. सिंबियनच्या कर्त्यांच्या दृष्टीने हा केवढा दोष! पण लोकांनी तो मुकाट्याने पत्करला. कारण त्याच्या बदल्यात त्यांस मोठा पडदा, खरेखुरे वेबपान, बोटाखाली पाण्यासारखे सरकणारे चित्र आणि हजारो नवे प्रोग्रॅम मिळत होते. स्मृतीची टंचाई संपली होती. विजेची टंचाई लोक सोसावयास तयार होते. नवी टंचाई होती ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या वेळेची व वापरणाऱ्याच्या धीराची. या दोन वस्तूंची काटकसर सिंबियनला कधी शिकविलेलीच नव्हती.

येथे कोणी म्हणेल की, पतनाचे कारण प्रणाली नव्हे, तिचे धनी होत. नोकियाने वेळीच निर्णय घेतले असते तर इतिहास निराळा झाला असता. या म्हणण्यात तथ्य आहे. २००८ साली नोकियाने क्यूट ही साधने बनविणारी ट्रोलटेक कंपनी घेतली, त्यात प्रोग्रॅम लिहिणे सोपे करण्याचाच विचार होता. म्हणजे रोग कळला होता. त्याच वर्षी इतर भागीदारांचे हिस्से २६ कोटी ४० लाख युरोंस विकत घेण्याचे ठरवून, प्रणाली एका प्रतिष्ठानाच्या स्वाधीन करण्याचे तिने जाहीर केले, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तिचे मूळ लेखन सर्वांस खुले करण्यात आले. पण धन्याचा विलंब हाही मला स्वतंत्र दोष वाटत नाही. ज्या घराची रीत लाखो ओळींतून, हजारो माणसांच्या हातवळणातून व कोट्यवधी चालू फोनांतून पसरलेली असते, त्या घरात धन्याने उशीर न करणे हेच नवल. सिंबियनला सुधारणे म्हणजे तिच्या सद्गुणांवर हत्यार चालविणे होते. दुर्गुण कापून टाकण्याहून ते फार कठीण असते.

शेवट लवकर आला. २०१० साली सॅमसंग व सोनी एरिक्सन यांनी सिंबियनचा संग सोडला. त्या वर्षाच्या अखेरच्या तिमाहीत अँड्रॉइड पुढे गेल्याचे कॅनालिस या बाजार पाहणाऱ्या संस्थेने जाहीर केले. ११ फेब्रुवारी २०११ रोजी नोकियाने आपल्या स्मार्टफोनांसाठी मायक्रोसॉफ्टची प्रणाली पत्करली. ज्या कंपनीच्या भीतीने १९९८ साली भागीदारी झाली, तिच्याच दारी तेरा वर्षांनी भागीदारांतला सर्वांत मोठा जाऊन उभा राहिला. सिंबियनवर काम करणारी दोन हजारांहून अधिक माणसे, ब्रिटन व फिनलंड यांप्रमाणे भारतातीलही, त्याच वर्षी ॲक्सेंचर या कंपनीकडे सोपविली गेली. २०१२ सालचा ८०८ प्युअरव्ह्यू हा नोकियाचा शेवटचा सिंबियन फोन. त्याच वर्षी सायॉन मोटोरोला सोल्यूशन्सच्या पोटात गेली.

या दोन हजार माणसांकडे पाहिले म्हणजे या इतिहासाचे मोल कळते. उसनवारीची यादी डोळे मिटून सांभाळणारा, एका बाइटासाठी रात्र जागविणारा कारागीर एकाएकी अडाणी ठरला. त्याचे ज्ञान खोटे ठरले नव्हते. ते ज्या प्रश्नाचे उत्तर होते तो प्रश्नच बाजाराने विचारणे सोडून दिले होते. हातमागावर नाजूक सूत धरणाऱ्या बोटांची जी गती गिरणीपुढे झाली, तीच ही. फरक इतकाच की, विणकराचे वस्त्र पेटीत तरी राहते. प्रणालीची कारागिरी यंत्राबरोबरच झोपी जाते.

असे असले तरी या काटकसरीस व्यर्थ म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. रक्तदाब मोजणारी, पाण्याची पातळी सांगणारी, एका लहानशा सेलावर वर्षानुवर्षे शेताच्या बांधावर उभी राहणारी यंत्रे आज सर्वत्र पसरत आहेत, व त्यांच्या पोटात जागा आणि वीज अजूनही मोजूनमापूनच मिळते. त्यांचे कारभारी लिहिणाऱ्यांस ईपॉकचे ते जुने शिस्तशास्त्र वाचावयास सांगितले पाहिजे. मात्र ते वाचताना त्यांनी प्रत्येक नियमाशेजारी तो कोणत्या टंचाईपोटी जन्मला हेही टिपून ठेवावे. सिंबियनच्या घरात नियम सर्वांस पाठ होते. त्यांची कारणे पुन्हा तपासून पाहण्याचे काम मात्र कोणाकडेच नव्हते.